पैऱ्यावरचं भात

संकेश्वर-आंबोली रस्त्यानं गडहिंग्लज मागं पडलं की हळूहळू ऊस विरळ होतो आणि भाताची खाचरं दिसायला लागतात. दिवाळीच्या आगेमागे या रस्त्यानं जाणारे बहुतेक जण आंबोली नाहीतर गोवा गाठायच्या घाईत असतात. मी आजऱ्याला उतरलो, हिरण्यकेशीच्या काठानं रामतीर्थापर्यंत जाऊन आलो आणि मित्राच्या गावचं वडाप पकडलं.

दारात पाय ठेवतोय तोवर मित्राची आई म्हणाली, "आलास व्हय? च्या घे आन् चल. आज आमच्या रानात पैरा हाय."

आज तुमची माणसं आमच्या रानात, उद्या आमची तुमच्या रानात, मजुरीचा प्रश्नच नाही, असा हा पैरा. कापणीच्या दिवसांत पैसे मोजूनही माणूस मिळत नाही, कारण ज्याला त्याला आपापलं भात दिसत असतं. पिकलेलं भात थांबत नाही. उशीर झाला की दाणे गळतात. वरून पाऊस आला तर उभं पीक आडवं, आणि कापून पसरलेलं असेल तर त्याला मोड फुटतात. त्यात या भागात गवे आहेत, कर्नाटकातून आलेले हत्तीही आहेत. एका रात्रीत खाचर तुडवून जातात.

मग सगळ्यांची घाई एकदम असताना एकमेकांकडं जायला वेळ कुठून येतो? मला याचं उत्तर बांधावर मिळालं. हळवं भात आधी पिकतं, मग निमगरवं, शेवटी गरवं. कुणी हळवं लावलेलं असतं, कुणी गरवं, त्यामुळं पाळ्या आपोआप पुढंमागं होतात. आजऱ्याचा घनसाळ हा भाताचा वाण गरवा. सुवासिक, उंच वाढणारा, म्हणून वाऱ्यात लोळणाराही. 2016 मध्ये त्याला भौगोलिक मानांकन मिळालं. पण उतारा कमी, त्यामुळं बरेच जण घरच्यापुरता लावतात आणि बाकीच्या रानात सुधारित वाण. मानांकनाचं कौतुक मी सांगू लागलो तेव्हा शेजारचे काका विळ्याची धार बघत म्हणाले, "वास चांगलाय, पर वासानं पोतं भरत न्हाई."

रानात बायका एका रांगेत वाकून कापत होत्या. बोलणं अखंड चाललेलं, आणि रांग मात्र कुठं वाकडी नाही. कापलेलं भात बुडख्यांवरच पसरायचं, ऊन खाऊ द्यायचं, मग काडांनाच पीळ देऊन केलेल्या बंधानं भारे बांधायचे. आज कालच्या कापलेल्याचे भारे खळ्यावर जात होते. दुपारी मळणीयंत्र आलं. ते तासावर, रोख पैशानं. म्हणजे झोडपणी पैऱ्यातून गेली. कापणी आणि वाहणी मात्र अजून पैऱ्यावरच आहे, कारण या पायऱ्यापायऱ्यांच्या खाचरांत मोठं यंत्र उतरवायचं कुठून?

शहरातून बघणाऱ्याला हा सगळा नुसता जिव्हाळा वाटतो. जिव्हाळा आहेच, पण हिशेबही चोख आहे. बाईला बाई, गड्याला गडी. कुणी अर्धा दिवस गेलं, कुणाचं पोरगं आलं नाही, सगळं बायकांना तोंडपाठ. मला तर या हिशेबामुळंच हे टिकलं असावं असं वाटतं. उपकार म्हणून घेतलेली मदत माणूस दुसऱ्या वर्षी मागायला लाजतो. पैरा मागायला कुणी लाजत नाही.

पण ज्याच्या घरात फेडायला माणूसच नाही त्याचं काय? वरच्या आळीतल्या एका आजींचा मुलगा मुंबईला. दिवाळीला रजा मिळाली तर येतो आणि रजेतले दिवस लोकांच्या रानात फेडतो. यंदा त्याला रजा नव्हती. आजींचं भात तरीही कापून झालं होतं. तो पैरा आता उन्हाळी कामांत फेडायचा म्हणे. कुणाच्या रानात, हे मात्र त्या सगळ्या बायकांना ठाऊक होतं.

संध्याकाळी भाकरी, पिठलं आणि ठेचा खाता खाता उद्याची पाळी ठरली. शेजारच्या काकू म्हणाल्या, "तुमची एक बाई आन् दोन गडी आमच्याकडं." मित्राच्या आईनं माझ्याकडं बोट दाखवलं, "ह्यो बी येतोय की. पुण्याचाय, ह्याचं अर्धंच धरा."

काकूंनी माझे फोड आलेले हात बघितले आणि घासाघीस सुरू केली. पाव धरू म्हणाल्या.