जांभळं पोटॅश, मधाळ मीठ : दुसऱ्या खेपेची नोंद

मंडळी, गॅमा किरणांनी रंगवलेल्या तीन क्षारांच्या स्फटिकांची दुसरी खेप गेल्या रविवारी हातात आली आणि या वेळी रंग टिकला आहे. निदान दोघांचा टिकलाय. तिसऱ्याचं काय झालं ते पुढे सांगतो, कारण या महिन्यात सगळ्यात जास्त मी त्यातूनच शिकलो.

नव्याने आलेल्यांसाठी थोडक्यात. कृषी सेवा केंद्रातून आणलेलं लाल पोटॅश (पोटॅशियम क्लोराइड) कढत पाण्यात विरघळवलं आणि लोहाचा तांबडा गाळ जाईपर्यंत चार वेळा गाळलं. मग ताटली झाकून तीन आठवडे न हलवता ठेवली. वाटाण्याएवढे घन मिळाले, आतून किंचित दुधाळ, पण कडा सरळ. जोडीला मिठागरातलं खडे मीठ त्याच पद्धतीने पुन्हा स्फटिकवलं. पोटॅशियम ब्रोमाइड मात्र रसायनांच्या दुकानातून आणावं लागलं. तिन्ही नमुने ओळखीच्या एका सरांनी त्यांच्या प्रयोगशाळेतल्या गॅमा चेंबरमध्ये, म्हणजे किरणोत्सारी स्रोत असलेल्या बंद यंत्रात, गॅमा किरण सोडणाऱ्या कोबाल्ट-60 समोर ठेवून दिले. डोस सुमारे 5 किलोग्रे (ग्रे हे शोषलेल्या किरण-ऊर्जेचं एकक).

पहिल्या खेपेला मी काचेची बाटली दिली होती. परत आली तेव्हा बाटलीच कोऱ्या चहासारखी तपकिरी झालेली, कारण काचेतही रंगकेंद्रं, म्हणजे प्रकाश शोषून रंग आणणारे बारीक दोष, तयार होतात. आतले खडे पारदर्शक पिशवीत घालून एसटीत खिडकीशी बसलो. घरी पोहोचेपर्यंत उन्हाने निम्मा रंग खाल्ला होता. म्हणून या वेळी पॉलिथिनची पुडी, त्यावर काळा कागद, त्यावर फॉइल.

पुडी उघडली तेव्हा मीठ मधासारखं पिवळं-तपकिरी, पोटॅश गडद जांभळं आणि ब्रोमाइड निळं. जांभळ्या घनाच्या एका कोपऱ्यात रंग दाट होता, मधे फिकट, आणि वाढीचे थर त्यात रेघांसारखे दिसत होते. भिंगाखाली मी बराच वेळ तेच पाहत बसलो.

हा रंग कुठल्या मळाचा नव्हे. गॅमा किरणांनी सुटे केलेले इलेक्ट्रॉन आणि मागे उरलेली 'भोकं' (इलेक्ट्रॉन निघून गेलेल्या जागा) स्फटिकात फिरतात. भोक दोन शेजारच्या क्लोराइडांमध्ये अडकतं, तिथे इलेक्ट्रॉन येऊन मिळतो, आणि त्या भेटीत सुटणाऱ्या ऊर्जेने एक क्लोरीन आपल्या जागेवरून ढकलला जातो. रिकाम्या झालेल्या जागेत इलेक्ट्रॉन मुक्कामाला राहतो. हेच एफ-केंद्र. यातला 'एफ' जर्मन भाषेतल्या 'रंग' या शब्दाचा. जर्मनीतल्या गॉटिंगेनमध्ये पोल हे भौतिकशास्त्रज्ञ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1920 नंतरच्या काळात या रंगांचा पाठपुरावा केला. रिकाम्या जागेत अडकलेला इलेक्ट्रॉन हे चित्र डी बोअर या डच शास्त्रज्ञांनी 1937 मध्ये मांडलं.

इलेक्ट्रॉनची ती खोली जितकी मोठी, तितकी कमी ऊर्जेचा प्रकाश तो शोषतो. मिठाच्या जालकाचं एकक (अणूंच्या पुन्हा पुन्हा येणाऱ्या घनाची बाजू) 5.64 अँगस्ट्रॉम (एक अँगस्ट्रॉम म्हणजे 0.1 नॅनोमीटर), शोषण 465 नॅनोमीटरजवळ, म्हणजे निळा गिळला आणि पिवळट उरला. पोटॅशचं 6.29, शोषण 560 च्या आसपास, हिरवा-पिवळा गेला आणि जांभळा राहिला. ब्रोमाइडचं 6.60, शोषण 630 जवळ, तांबडा गेला आणि निळा दिसला. डीव्हीडीचा तुकडा, काळा पुठ्ठा आणि फोन असा वर्णपटमापक केलाय. सीएफएलच्या 436 आणि 546 या पाऱ्याच्या रेषांवर तो जुळवून घेतला. पोटॅशच्या वर्णपटातला शोषणाचा खळगा मला 558 ते 570 च्या मधे मिळाला. घरच्या पुठ्ठ्यावर हे दिसलं याचा आनंद मी शब्दांत सांगू शकत नाही.

आता ब्रोमाइड. फोटोच्या अंधारखोलीची सवय म्हणून मी पुडी लाल एलईडीखाली उघडली. दहा-बारा मिनिटांत निळा खडा पांढुरका पडला, जांभळ्याला मात्र फारसं काही झालं नाही. कारण उघड आहे. निळ्या खड्यातला इलेक्ट्रॉन नेमका लालच प्रकाश शोषतो, मोकळा होतो, आणि क्लोरीनसारखाच जागेवरून ढकलला गेलेला ब्रोमीन त्याला घेऊन रिकामी जागा पुन्हा भरतो. तेव्हा स्फटिक ज्या रंगाचा दिसतो त्याच रंगाच्या मंद उजेडात उघडा, सरसकट लाल दिवा लावू नका.

मिठाचा चुरा तापवूनही पाहिला. पंधरा मिनिटं पूर्ण अंधारात डोळे स्थिरावू दिले, मग शेगडीच्या तापलेल्या पत्र्यावर चिमूटभर टाकला. काही सेकंद निळसर-पांढरी चमक पसरली आणि विझली. दिवा लावला तर चुरा पांढराशुभ्र. तोच चुरा दुसऱ्यांदा तापवला, काहीच नाही. किरणांनी स्फटिकात साठवलेली ऊर्जा तापवल्यावर प्रकाश होऊन एकदाच बाहेर येते. आपल्याकडे किरणोत्साराजवळ काम करणाऱ्यांच्या छातीवरच्या बिल्ल्यात डिस्प्रोसियम मिसळलेल्या कॅल्शियम सल्फेटच्या चकत्या असतात, त्याही याच तत्त्वावर डोस सांगतात.

भाच्याने विचारलं, "मामा, हे आता रेडिओॲक्टिव्ह झालं का?" नाही. कोबाल्टचे 1.17 आणि 1.33 एमईव्ही (दशलक्ष इलेक्ट्रॉन-व्होल्ट) ऊर्जेचे किरण अणुकेंद्र बदलत नाहीत, फक्त इलेक्ट्रॉन हलवतात. पोटॅशमध्ये पोटॅशियम-40 या नैसर्गिक किरणोत्सारी प्रकारामुळे आधीपासून जो किंचित किरणोत्सार असतो, तेवढाच आताही आहे. तरी हे खडे स्वयंपाकघरात नेऊ नका, आणि किरणांचं काम परवानाधारक प्रयोगशाळेतच करून घ्या.

पुढच्या खेपेला एकच जांभळा घन ब्लेडने टिचवून दोन करणार आहे. एक अर्धा हिरव्या एलईडीखाली, दुसरा लाल एलईडीखाली, दर मिनिटाला एक फोटो. ब्रोमाइड या वेळी निळ्या दिव्यात उघडेन.