हर्णै ते रत्नागिरी: व्हिडिओ आणि नकाशा एकाच दोरीत

कोकणच्या प्रवासाचे व्हिडिओ यूट्यूबवर ढिगाने आहेत. ड्रोन उडतं, समुद्र चमकतो, उकडीच्या मोदकांचं ताट येतं आणि मागे बासरी. मला हवा असतो तो मधला गाळलेला रस्ता. बुरोंडीच्या पुढे दोन गाड्या शेजारून जातात का? कोळथऱ्याकडे उतरताना समोरून एसटी आली तर बाजूला व्हायला जागा आहे का? हे सहसा कुणी दाखवत नाही, आणि दाखवलंच तर ते नेमकं कुठलं वळण हे कळत नाही. म्हणून या खेपेला सागरी रस्त्याने जाताना काचेला कॅमेरा लावला, मोबाइलवर जीपीएस ट्रॅक चालू ठेवला आणि घरी आल्यावर दोघांची गाठ मारून दिली.

तत्त्व अगदी साधं आहे. ट्रॅकची जीपीएक्स फाइल नोटपॅडमध्ये उघडली तरी वाचता येते: प्रत्येक बिंदूचे अक्षांश-रेखांश, उंची आणि वेळ. व्हिडिओ कितीला सुरू झाला हे माहीत असेल तर त्याच्या कुठल्याही सेकंदाची घड्याळी वेळ निघते आणि त्या वेळेचा बिंदू ट्रॅकमध्ये सापडतो. उलटंही तसंच. नकाशावरच्या रेघेवर कुठेही टिचकी मारा, जवळच्या बिंदूची वेळ घ्या, व्हिडिओ तिथे उडी मारतो. ओपनस्ट्रीटमॅपचा नकाशा, तो वेबपानावर दाखवणारी लीफलेट ही फुकट लायब्ररी आणि यूट्यूबचा प्लेअर एवढ्यावर काम भागतं. प्लेअर आपण कितव्या सेकंदाला आहोत ते सांगतो आणि सांगाल त्या सेकंदाला जातो.

गोची असते ती घड्याळांची. जीपीएक्समधली वेळ जागतिक वेळ असते. हर्णैहून सकाळी आठला निघालो, पण ट्रॅक म्हणतो रात्रीचे अडीच. बऱ्याच कॅमेऱ्यांना मात्र टाइमझोन हा प्रकारच ठाऊक नसतो, मनगटावरच्या घड्याळासारखे ते आपले स्थानिक आठच लिहितात. म्हणजे साडेपाच तास आधी वजा करायचे. शिवाय कॅमेऱ्याचं घड्याळ हळूहळू पुढे-मागे सरकतं ते वेगळंच. त्यावर माझा उपाय सोपा आहे. निघताना मोबाइलच्या स्क्रीनवर जीपीएसची वेळ सेकंदांसह उघडायची आणि ती कॅमेऱ्यासमोर धरायची. घरी आल्यावर त्या फ्रेमवरून फरक काढता येतो.

दाभोळच्या जेटीवर मजा आली. वाशिष्ठीची खाडी इथे चांगलीच रुंद आहे. पलीकडे धोपावे समोर दिसतं, पण फेरीबोट नसेल तर चिपळूणला वळसा घालून या. गाड्या इंचाइंचाने लावून घेणाऱ्या खलाशाने काचेवरचा कॅमेरा पाहिला.

"काय ओ, शूटिंग काय?"

"नाही दादा, रस्ता रेकॉर्ड करतोय."

"इथं रस्ता कुठाय? पाणीच आहे सगळं."

दादा बरोबर बोलले, आणि नेमकी तीच अडचण आहे. ट्रॅक सुबक दिसावा म्हणून काही अ‍ॅप्समध्ये बिंदू जवळच्या रस्त्याला चिकटवायची सोय असते. ती चालू ठेवली तर खाडीतले बिंदू कुठल्या तरी काठावर ओढले जातात, नाहीतर रेघ चिपळूण फिरून येते. ट्रॅक कच्चाच ठेवावा हे बरं. त्यात इंजिन बंद केल्यावर काचेवरचा कॅमेरा बंद पडला, कारण त्याची वायर चार्जिंगच्या सॉकेटमध्ये. मोबाइल मात्र पाण्यावरची रेघ ओढत राहिला. गाडी उभी आणि वेग दिसतोय! धोपाव्याला गाडी चालू केली तेव्हा व्हिडिओची नवी फाइल सुरू झाली. अशा प्रत्येक फाइलची सुरुवातीची वेळ स्वतंत्र नोंदवावी लागते. काही कॅमेरे तर चार जीबी झाले की आपणहूनच फाइल तोडतात.

धोपाव्याचा चढ संपला की सडा लागतो: जांभा, वाळकं गवत, चिऱ्यांचे गडगे. मोबाइलची रेंज जाते-येते, पण ट्रॅकला त्याचं काही पडलेलं नसतं. जीपीएस उपग्रहांवर चालतं, टॉवरवर नाही. नकाशा तेवढा आधी उतरवून घेतलेला हवा.

गुहागरच्या पुळणीवर उतरलो आणि ट्रॅकमधली उंची पाहिली, तर समुद्रसपाटीच्या खाली साठ मीटरहून जास्त! फोन बिघडलेला नाही. जीपीएस उंची मोजतं ती पृथ्वीच्या एका गुळगुळीत गणिती आकारापासून, आणि गुरुत्वाकर्षणातल्या फरकामुळे आपल्या किनाऱ्यावरची खरी समुद्रपातळी त्या आकाराच्या बरीच खाली बसते. श्रीलंकेच्या दक्षिणेला हा खळगा शंभर मीटरच्याही पुढे जातो. काही फोन ही दुरुस्ती स्वतः करतात, काही करत नाहीत. चढ-उतारांचा आलेख लावणार असाल तर आधी किनाऱ्यावरचा आकडा बघून घ्या.

हेदवीला या जोडणीचा एक वेगळाच फायदा लक्षात आला. तिथल्या बामणघळीत भरतीचं पाणी कातळाच्या फटीत घुसून उंच उसळतं. ओहोटीला गेलात तर नुसती फट बघून परत या. नुसत्या व्हिडिओत ते पाणी कुठल्या वेळचं हे कळत नाही. ट्रॅकला बांधलेल्या व्हिडिओत तारीख आणि वेळ दोन्ही असतात, भरती-ओहोटीच्या तक्त्याशी ताडून बघता येतात. भरती रोज साधारण पन्नास मिनिटं उशिरा येते, त्यामुळे "आम्ही सकाळी गेलो होतो, मस्त पाणी होतं" या माहितीचा उपयोग शून्य. फटीच्या कडेला मात्र कॅमेरा घेऊन जाऊ नका, कातळ निसरडा असतो.

तवसाळहून जयगडला पुन्हा फेरीबोट, मग मालगुंड, गणपतीपुळे. गर्दीबद्दल काय लिहायचं, पुढे चला.

जुळणी तपासायला आरे-वारेसारखी जागा नाही. वळण घेतलं की एकदम खाली सगळा समुद्र उघडतो, आणि त्याच क्षणी नकाशावरचा ठिपका त्याच वळणावर हवा. ताशी चाळीसच्या वेगाने गाडी सेकंदाला अकरा मीटर जाते. घड्याळात दहा सेकंदांचा फरक म्हणजे एकशेदहा मीटर, तेवढ्यात दुसरं वळण आलेलं असतं. पुलाची सुरुवातही खुणेला चांगली, तिथला सांधा व्हिडिओत दिसतो आणि ऐकूही येतो. २ मे २००० पर्यंत अमेरिका सामान्य लोकांचा जीपीएस संकेत मुद्दाम बिघडवून देत असे, चूक शंभर मीटरपर्यंत जायची. त्या काळात आमची गाडी आरे-वारेच्या समुद्रात पोहत असती.

व्हिडिओ कापायचा नाही, हा माझा हट्ट आहे. कंटाळवाणा भाग काढला की पुढचं सगळं घसरतं आणि प्रत्येक तुकड्याचा हिशेब नव्याने. तसंही रस्ता बघायला येणाऱ्याला तो कंटाळवाणा भागच हवा असतो. आवाज मात्र मी काढून टाकतो, गाडीतल्या गप्पा जगाला कशाला? ट्रॅकचं घराजवळचं टोकही छाटतो.

पहिली गिऱ्हाईक घरातलीच मिळाली. मावशीला गाडी लागते, तिला गुहागरला यायचं होतं. दापोलीहून दाभोळपर्यंतच्या तुकड्याची लिंक पाठवली. तिने वळणंन् वळणं पाहिली आणि फोन केला, "अरे, मी आपली रेल्वेने चिपळूणला उतरते. तू न्यायला ये."