खटारा पुन्हा दिल्लीला जाईल का?

मी अलिबागचा, आणि घरात तीन पिढ्या शेतकरी कामगार पक्षाच्या (म्हणजे शेकापच्या, निशाणी खटारा), हे कळलं की पुढचा प्रश्न ठरलेला असतो: "शेकापचा खासदार पुन्हा लोकसभेत दिसेल का हो?" आजवर "बघू या" म्हणून वेळ मारून नेली. तुम्ही विचारलंत म्हणून आता नीट सांगतो. आजच्या मतदारसंघांत, स्वतःच्या बळावर, नाही दिसणार. हे लिहिताना हात जड होतो, पण खोटी आशा दाखवणं मला जमत नाही.

माझी आजी खारेपाटातली, म्हणजे अलिबागजवळच्या खाऱ्या जमिनीच्या पट्ट्यातली. चरीचा संप तिने लहानपणी घरात ऐकलेला: १९३३पासून १९३९पर्यंत कुळांनी जमिनी पडीक ठेवल्या, पण खोतापुढे मान तुकवली नाही. त्यामुळे पक्ष म्हणजे जमीन, एवढं तिचं साधं गणित. १९८४च्या जानेवारीत उरणच्या जासई-नवघरला सिडकोच्या (नवी मुंबई वसवणाऱ्या सरकारी कंपनीच्या) भूसंपादनाविरुद्ध लोक उभे राहिले आणि पोलिसांच्या गोळीबारात पाच जण गेले. त्याच वर्षी डिसेंबरात लोकसभेची निवडणूक लागली. इंदिराजींच्या हत्येनंतरची लाट एवढी मोठी की राज्यातल्या ४८पैकी ४३ जागा काँग्रेसने नेल्या. आमच्या कुलाब्यातून (मुंबईतला नव्हे, रायगड जिल्ह्यातला तेव्हाचा मतदारसंघ) मात्र शेकापचे दि. बा. पाटील निवडून आले. आजी मतदान करून आली, देवापुढच्या समईच्या उजेडात शाईचं बोट मला दाखवलं आणि म्हणाली, "खटाऱ्यावर मारलाय शिक्का." तिचा तो चेहरा मी विसरलेलो नाही.

देशात पक्षाचं बळ कधीच फार नव्हतं. १९५७मध्ये चार खासदार, १९७७मध्ये पाच, हाच काय तो कळस. १९९८ आणि १९९९ला रामशेठ ठाकूर कुलाब्यातून जिंकले. पुढे त्यांनी पक्ष सोडला आणि २००४नंतर लोकसभेत आमचा माणूस नाही.

लोक म्हणतात, नेते संपले, फाटाफूट झाली. ते खरंच आहे. पण माझ्या मते मोठा घाव नकाशाने घातला आणि त्याबद्दल फार कोणी बोलत नाही. २००८च्या पुनर्रचनेत कुलाबा मतदारसंघ गेला. पनवेल, उरण, कर्जत घाटावरच्या पिंपरी-चिंचवडला जोडून मावळ झाला. अलिबाग-पेण रायगडात राहिले, आणि त्या रायगडला खालून दापोली-गुहागर जोडले. आमचे बालेकिल्ले असे दोन ठिकाणी वाटले गेले. दोन्हीकडे आमची मतं कुणाला तरी पाडायला पुरतात, जिंकायला नाही. २०१४ला रायगडात शेकापच्या रमेश कदमांना सव्वा लाखाहून जास्त मतं पडली. शिवसेनेचे अनंत गीते राष्ट्रवादीच्या सुनील तटकरेंपुढे जेमतेम २,११० मतांनी निघाले. पुढच्या वेळी पक्षाने तटकरेंना पाठिंबा दिला, २०२४ला गीतेंना. कार्यकर्त्याने पाच वर्षं ज्याच्याशी भांडायचं, त्याच्याच चिठ्ठ्या घरोघर वाटायच्या. अशाने केडर टिकत नाही. आघाडीत एखादी जागा सुटली तरच दार किलकिलं होईल, पण विधानसभेत पक्षाचे सांगोल्याचे एकटे बाबासाहेब देशमुख असताना ती कोण सोडणार?

२०२६नंतरच्या जनगणनेवरून मतदारसंघ पुन्हा आखले जातील, तेव्हा पनवेल-उरण-पेण-अलिबाग एकत्र आले तर? हा प्रश्न मी स्वतःला खूपदा विचारतो. नकाशा जुळेलही. पण शेकापचा मतदार जमिनीला धरून होता. २००८ला पेणच्या बावीस गावांनी सेझवर (विशेष आर्थिक क्षेत्रासाठी जमीन द्यायची का यावर) मतदान केलं, तेव्हा ती ताकद मी डोळ्यांनी पाहिली. आज आजीच्या शेताला दगडी कुंपण आणि लोखंडी गेट आहे; काकांनी ते मुंबईच्या माणसाला विकलं. जमीन राखण्यासाठी उभा राहिलेला पक्ष जमीन विकून बसलेल्या घरांना काय देणार, याचं उत्तर पक्षाला आधी शोधावं लागेल. नव्या मुंबईत भाड्याने राहणारा कामगार, कंत्राटी पोरं, ही पक्षाच्या नावातली दुसरी बाजू तर कधीपासून मोकळी पडली आहे. तिथे काम उभं राहायला वीस वर्षं जातील. मला ते काम झालेलं बघायचं आहे.

माझा धाकटा भाऊ पनवेलला राहतो. २०२४ला मी ७ मेला रायगडसाठी मत दिलं, त्याने १३ मेला मावळसाठी. आदल्या रात्री त्याचा फोन आला, "दादा, आपला कोण?" मी त्याला आघाडीच्या उमेदवाराचं नाव सांगितलं. तो थोडा वेळ गप्प राहिला, मग म्हणाला, "तो नाही रे. आपला."