दोनच पुंकेसर

मार्च २०१९. त्या हिवाळ्यात दक्षिण कॅलिफोर्नियाच्या वाळवंटात चांगला पाऊस झाला होता आणि एरवी वर्षानुवर्षं वाळूत पडून राहणारं बी एकदम वर आलं होतं. लोक फोटो काढायला येत होते. आमचं काम रुक्ष: सौरप्रकल्पाच्या नियोजित जागेवर रांगेने चालायचं, दिसेल ती वनस्पती ओळखायची, मोजायची, टॅबलेटवर नोंदवायची.

एका कोरड्या ओढ्यात फिकट पिवळी, रेशमी फुलं दिसली. मेंटझेलिया इन्व्होल्युक्राटा, तिथल्या बोलीत सँड ब्लेझिंग स्टार. दोन दिवस तीच मोजत होतो, त्यामुळे वाकायचेही कष्ट घेतले नाहीत. ३८ झाडं लिहिली आणि पाणी प्यायला बसलो.

आमची सीनियर माझ्या पायांकडे बघून म्हणाली, "मेंटझेलियातून चालत आलास ना? मग पँट इतकी स्वच्छ कशी?"

खरंच की! मेंटझेलियाच्या पानांवर आकडेदार केस असतात. पान कापडाला असं धरतं की ओढलं तर फाटतं, पण सुटत नाही. माझ्या पँटवर नुसती धूळ.

परत गेलो, गुडघे टेकले, भिंग लावलं. मेंटझेलियाच्या पाच पाकळ्या सुट्या आणि आत पुंकेसरांचा झुबका. इथे पाकळ्या बुडाशी जुळलेल्या, पुंकेसर मोजून दोन, आतून किरमिजी ठिपके आणि खालच्या ओठावर एक ठसठशीत डाग. मोहाविया कन्फर्टिफ्लोरा, म्हणजे घोस्ट फ्लॉवर. स्नॅपड्रॅगनचं सख्खं भावंड म्हणा ना. लहानपणी एम्प्रेस गार्डनच्या प्रदर्शनात स्नॅपड्रॅगनचे जबडे दाबून उघडणाऱ्या माणसाने हे ओळखू नये!

पण फसवणं हा त्याचा धंदाच. त्याच्याकडे मकरंद नाही. मेंटझेलियासारखं दिसून तिच्याकडे येणाऱ्या लहान रानटी मधमाश्यांना ते आत बोलावतं. नर मधमाशीला तो डाग आत बसलेल्या मादीसारखा वाटतो, असं मानतात.

उन्हात सगळं पुन्हा मोजलं, प्रत्येक फुलात डोकावून. ३५ घोस्ट फ्लॉवर. उरलेली तीन पलीकडच्या काठावर होती, जी सकाळी मी लांबूनच मोजली होती. तिथून परतलो तेव्हा डाव्या गुडघ्याला मेंटझेलियाचं अर्धं पान चिकटलेलं होतं. तेच सीनियरला दाखवलं.