रायफल पंधरा दिवसांत ठरली, हातात यायला दीड महिना लागला

आधी सांगतो, मी काही शिकारी वगैरे नाही. कॉलेजात एनसीसीत असताना पॉइंट टू टूवर पाच-पाच गोळ्या मारल्यात, आमच्या उस्तादांनी एकदा माझं ग्रुपिंग, म्हणजे गोळ्या किती जवळजवळ लागल्यात ते, बघून "ठीक है" म्हटलं होतं, तेवढंच भांडवल. पण टेक्सासात येऊन अकरा वर्षं झाली, ग्रीन कार्ड येऊन दोन, आणि ऑफिसमधला एक मित्र दर वर्षी हरणाच्या सीझनला त्याच्या काकांच्या रानात बोलावतो. या वर्षी म्हटलं जाऊच, पण उसनी रायफल नको, स्वतःची घेऊ. आईला फोनवर सांगितलं तर म्हणाली, "बंदूक कशाला रे, गावचा पाटील व्हायचंय का?"

बजेट स्कोपसकट, म्हणजे वर बसवायच्या दुर्बिणीसकट, आठशे डॉलर. यात बोल्ट अॅक्शन, म्हणजे दर गोळीला हाताने खटका मागेपुढे करायच्या रायफली, भरपूर येतात आणि खरं सांगायचं तर आजकाल स्वस्तातली रायफलसुद्धा आपल्यासारख्याच्या नेमापेक्षा चांगलीच मारते. सॅव्हेज अॅक्सिस सगळ्यात स्वस्त, पण साध्या अॅक्सिसचा ट्रिगर मला फार जड वाटला, अॅक्सिस टू मध्ये अॅक्युट्रिगर नावाचा ट्रिगर येतो तो छान आहे, थोडे पैसे जास्त घालून तोच बघावा. टिक्का टीथ्रीएक्स हातात घेतली आणि बोल्ट मागेपुढे केला, लोण्यातून सुरी. फिनलंडची आहे, साको कंपनीच्याच कारखान्यातली, पण तिच्यावर स्कोप घेतला की बजेट फुटत होतं. शेवटी रुगर अमेरिकन घेतली. ट्रिगर दाबायला लागणारा जोर आपला आपल्याला अॅडजस्ट करता येतो, साधारण तीन ते पाच पाउंडांत, आणि बोल्ट सत्तर अंशातच उघडतो त्यामुळे हात स्कोपला आपटत नाही. कॅलिबर, म्हणजे गोळीचं माप, .308. मित्र सिक्स पॉइंट फाइव्ह क्रीडमोर हे दुसरं कॅलिबर घे म्हणून मागे लागला होता, धक्का कमी बसतो हे खरंय, पण .308 1952 पासून आहे, गोळ्या कुठल्याही दुकानात मिळतात, मी तेवढ्यावर ठरवलं.

झालं, निवड संपली. आता खरी गोष्ट.

दुकान मोठ्या चेनचं, नाव नाही घेत. सेल होता, सत्तर डॉलर कमी, म्हणून तिथे गेलो आणि तीच चूक. पहिल्या शनिवारी तर फॉर्मपर्यंत पोचलोच नाही. आम्ही ऑगस्टमध्ये घर बदललं होतं आणि ड्रायव्हिंग लायसन्सवर जुन्या अपार्टमेंटचा पत्ता. मी म्हटलं गॅसचं बिल दाखवतो, काउंटरवरचा म्हणाला बिल चालत नाही, सरकारी कागद लागतो. घरी आल्यावर कळलं की गाडीचं रजिस्ट्रेशन नवीन पत्त्यावर असेल तर लायसन्ससोबत ते चालतं. ते माझ्याकडे ग्लोव्ह बॉक्समध्ये होतं! पार्किंगमध्ये! त्याने विचारलं नाही आणि मला सुचलं नाही.

दुसऱ्या शनिवारी फॉर्म 4473, बंदूक घेताना भरायचा सरकारी फॉर्म. सहा पानं वगैरे, प्रश्न सोपे, पण नावाच्या रकान्यात मी अडकलो. आपल्याकडे मधलं नाव म्हणजे वडिलांचं नाव, हे इथे कुणाला समजावून सांगणार. माझ्या लायसन्सवर मधे नुसता "डी" आहे. ग्रीन कार्डवर पूर्ण दत्तात्रय, शेवटी ए असलेलं. जुन्या एका व्हिसावर ए नसलेलं. फॉर्मवर म्हणतात पूर्ण मधलं नाव लिहा, नावात फक्त आद्याक्षरच असेल तर तसं लिहून पुढे खूण करा. माझं फक्त आद्याक्षर नाहीये ना, लायसन्सवाल्या बाईने दहा वर्षांपूर्वी कंटाळून तेवढंच टाइप केलं होतं. मी पूर्ण लिहिलं. नागरिक नाही म्हणून एलियन नंबरही लिहिला, तो पाठ नसेल तर कार्ड बरोबर न्या.

मग काउंटरवरचा ती माहिती एफबीआयच्या निक्स सिस्टिममध्ये टाकतो, तिथे घेणाऱ्याची पार्श्वभूमी तपासतात. उत्तरं तीन प्रकारची, प्रोसीड, डिलेड, डिनाइड. माझ्या पुढच्या माणसाला चार मिनिटांत प्रोसीड आलं, तो रायफल खांद्याला लावून निघून गेला. माझं डिलेड. डिलेड म्हणजे नकार नाही हे मला तिथे कुणी नीट सांगितलं नाही, मी आपला घामाघूम, बायकोला काय सांगू, ऑफिसात कळेल का, काय काय डोक्यात आलं. नागरिक नसलेल्यांच्या नोंदी इमिग्रेशनकडे पडताळतात, त्यात वेळ जातो. पण माझ्या बाबतीत नक्की काय अडलं ते आजतागायत कळलेलं नाही, कारण दुकानाला कारण कळवतच नाहीत, त्यांच्याशी भांडून उपयोग शून्य. माझा संशय त्या शेवटच्या ए वर आहे.

कायदा असा आहे की कामाचे तीन दिवस उलटले आणि एफबीआयने नाही म्हटलं नाही तर दुकानदार रायफल देऊ शकतो. तपासणीचा दिवस आणि शनिवार-रविवार धरत नाहीत. म्हणजे माझं सोमवार, मंगळवार, बुधवार झालं की गुरुवारी मिळायला हवी, शनिवारी सीझन सुरू. मी गुरुवारी अर्धी सुट्टी टाकून गेलो. तर म्हणे आमच्या कंपनीची पॉलिसी आहे, प्रोसीड आल्याशिवाय आम्ही देत नाही. अरे मग हे पैसे घ्यायच्या आधी का नाही सांगितलं! "देऊ शकतो" म्हणजे "द्यायलाच हवी" नाही, हे मला त्या काउंटरवर उभं राहून शिकायला मिळालं. मित्र म्हणाला त्याच्या गावातला छोटा दुकानदार चौथ्या दिवशी देऊन टाकतो. हे त्यानेही आधी सांगितलं नव्हतं.

पैसे परत घेऊन तिकडे जाता आलं असतं. पण सत्तर डॉलरचा सेल आणि माझा हट्ट. रोज फोन. रोज तेच "स्टिल डिलेड सर". सीझनचा पहिला वीकेंड गेला, मी घरी दिवाळीच्या चकल्या खात मित्राने पाठवलेले रानातले फोटो बघत बसलो. त्यात आणखी एक गंमत, ती तपासणी तीस दिवसच चालते. तीस दिवस झाले, उत्तर आलंच नाही, आणि मला परत सगळा फॉर्म भरायला बोलावलं. थँक्सगिव्हिंगच्या गर्दीत. परत डिलेड. पण या वेळी पाचव्या दिवशी दुकानातून स्वतःहून फोन आला, प्रोसीड. मी मीटिंगमधून उठून गेलो, खरंच सांगतो, म्यूट करायलाही विसरलो.

तर ज्यांना घ्यायचीय त्यांनी दुकानात शिरताच पहिला प्रश्न विचारा, डिलेड आलं आणि तीन दिवस गेले तर तुम्ही देता का? रायफल नंतर बघा. फॉर्मवर सोशल सिक्युरिटी नंबर ऐच्छिक आहे पण लिहा, नावसाधर्म्याचा घोळ कमी होतो. आणि त्या तपासणीचा एनटीएन म्हणून जो नंबर येतो तो मागून घ्या. वारंवार डिलेड येत असेल तर यूपिन नावाचा नंबर मिळतो, बोटांचे ठसे देऊन एफबीआयकडे स्वतःची माहिती ठेवायची, पुढच्या वेळी तो फॉर्मवर टाकायचा. मी अर्ज केलाय. एच-वन व्हिसावर असलेल्यांनी मात्र या भानगडीत पडू नका, हंटिंग लायसन्सचा अपवाद आहे असं कुणीतरी सांगेलच, पण चूक झाली तर व्हिसाच जाईल.

रेंजवर पहिल्याच दिवशी शंभर यार्डांवर अडीच इंचांचं ग्रुपिंग आलं, मी खट्टू. मग बघितलं तर स्कोपच्या रिंगचे स्क्रू सैल, दुकानात बसवून घेतलेले, त्यांच्यावर आधीच राग होता. टॉर्क रेंचने आवळले. बॅरल (नळी) आणि स्टॉकच्या (दस्त्याच्या) मधून डॉलरची नोट सरकवून बघितली, पुढे बायपॉडवर, म्हणजे दोन पायांच्या टेकूवर, जोर दिला की प्लॅस्टिकचा स्टॉक वाकून बॅरलला टेकत होता, म्हणून बायपॉड काढून वाळूची पिशवी घेतली. गोळ्या 150 ग्रेन वजनाच्या ऐवजी 168 ग्रेनच्या, नेमबाजीच्या स्पर्धेसाठीच्या मॅचवाल्या. तीन गोळ्या, इंचाहून थोडं जास्त. उस्ताद असते तर आज तरी "ठीक है"च्या पुढे गेले असते.

ठेवायला गोदरेजसारखं लोखंडी कपाट घेतलं, घरात सहा वर्षांचा मुलगा आहे, किल्ली माझ्याकडे, गोळ्या वेगळ्या कपाटात. याचे पैसे बजेटमध्ये धरले नव्हते.

आणि मागच्या आठवड्यात लायसन्स नवीन करून घेतलं. पत्ता नवा, मधे पूर्ण दत्तात्रय, शेवटच्या ए सकट. काउंटरवरच्या बाईला मी दोनदा वाचून दाखवायला लावलं.