आपलं कुठलं?

मंगळवार, १९ नोव्हेंबर २०२४
रात्री साडेदहा

काल संध्याकाळी सहा वाजता प्रचार थांबला आणि पंधरा दिवसांनंतर आज पहिल्यांदाच देवळातला हरिपाठ घरात बसून ऐकू आला. उद्या मतदान आहे. १९९९ पासूनच्या प्रत्येक विधानसभा निवडणुकीत आदल्या रात्री माझ्या ओसरीवर दहा-बारा जण जमत, याद्या उघडल्या जात, पहाटे कोणी कोणाला उठवायचे, कोणत्या म्हाताऱ्या माणसाला गाडी पाठवायची, मुंबईहून रात्रीच्या गाडीने कोण कोण येणार आहे, हे सारे ठरे. आज ओसरीवर मी एकटा आहे आणि समोर २०१९ ची जुनी यादी आहे.

त्या यादीच्या समासात माझ्याच हाताच्या पेन्सिलीच्या खुणा आहेत. बरोबरची खूण म्हणजे आपले मत, फुली म्हणजे समोरच्यांचे आणि गोल म्हणजे जाऊन बोलावे लागेल असे घर. आज दुपारी मी फक्त गोल पाहत बसलो होतो. त्या प्रत्येक घरात मी स्वतः गेलो होतो, चहा घेतला होता आणि अमुक पक्षाला सत्तेपासून दूर ठेवायचे असेल तर आपल्या उमेदवाराला मत द्या, असे सांगितले होते. त्यांपैकी बऱ्याच जणांनी माझ्याकडे पाहून मत दिले. आम्ही निवडून आणलेले आमदार पुढे त्याच अमुक पक्षाच्या मांडीला मांडी लावून सत्तेत बसले.

माझ्या पक्षाचे नाव मी येथे लिहीत नाही. जून २०२२ मध्ये शिवसेना फुटली आणि जुलै २०२३ मध्ये राष्ट्रवादी काँग्रेस फुटली. त्याआधी २०१९ च्या नोव्हेंबरात, ज्यांच्याविरुद्ध मते मागितली त्यांच्याबरोबर सरकार करण्याचे प्रयोग दोन्ही बाजूंनी झाले होते. त्यामुळे आज रात्री महाराष्ट्रातल्या कोणत्याही पक्षाचा जुना कार्यकर्ता वही उघडून बसला असेल, तर त्याला यातले पुष्कळसे ओळखीचे वाटेल. माझे दुःख एका पक्षापुरते असते, तर मी सरळ दुसऱ्या पक्षात गेलो असतो.

फुटीनंतर नाव आणि चिन्ह कोणाचे, हे ठरवताना निवडणूक आयोगाने १७ फेब्रुवारी २०२३ रोजी शिवसेनेच्या बाबतीत आणि ६ फेब्रुवारी २०२४ रोजी राष्ट्रवादीच्या बाबतीत विधिमंडळातील संख्याबळाला मुख्य महत्त्व दिले. शिवसेनेच्या निकालात तर असाही हिशेब मांडला होता की, एकनाथ शिंदे यांच्या गटाकडे गेलेल्या ४० आमदारांना २०१९ मध्ये मिळालेली मते ही पक्षाच्या ५५ विजयी आमदारांच्या एकूण मतांच्या सुमारे ७६ टक्के होतात. तो आकडा वाचल्यावर मी बराच वेळ थांबलो होतो. लोकांनी एका कारणासाठी दिलेली मते सव्वातीन वर्षांनी आमदाराबरोबर दुसरीकडे मोजली गेली आणि त्या मोजणीच्या वेळी मत देणाऱ्याला कोणी काही विचारले नाही. आमच्याकडे थेट निवडून आलेल्या सरपंचाला अविश्वासाने काढायचे असेल, तर सदस्यांचा ठराव ग्रामसभेपुढे गुप्त मतदानाला ठेवावा लागतो. सरपंचाच्या बाबतीत गावाला जे विचारावे लागते, ते आमदाराच्या बाबतीत मतदारसंघाला विचारण्याची कोणतीही सोय नाही. १९८५ चा पक्षांतरबंदी कायदा आमदाराने पक्ष सोडला किंवा पक्षाचा आदेश मोडला तर काय, हे पाहतो. पक्षाने मतदाराला दिलेला शब्द मोडला तर काय, हा प्रश्न त्याच्या कक्षेतच येत नाही.

गेल्या आठवड्यात समोरच्या आळीतला चुलतभाऊ आला. तो पूर्वापार त्या अमुक पक्षाचा आहे. २०१९ च्या प्रचारात आमचे इतके वाजले होते की, त्याच्या मुलीच्या साखरपुड्याला मी गेलो नव्हतो. तो ओसरीवर टेकला आणि अगदी सरळ मनाने म्हणाला, “अण्णा, आता आपण एकाच बाजूला आहोत. खालची आळी तू घे, वरची मी घेतो, चिठ्ठ्या वाटून टाकू.” त्याच्या बोलण्यात टोमणा नव्हता. मी त्याला हो म्हणू शकलो नाही आणि नाही का म्हणतो आहे, हेही धड सांगता आले नाही. तो साखरपुडा पुन्हा होणार नाही, एवढेच मनात येत राहिले.

त्याच रात्री मी तालुक्याच्या पदाधिकाऱ्याला फोन केला. ही युती आपण लोकांना कशी समजावून सांगायची, असे विचारले. ते म्हणाले, “वरून ठरलंय. तुम्ही मतं काढा.” पंचवीस वर्षे मी मते काढली, ती कोणी काढायला सांगितले म्हणून काढली नव्हती. दुष्काळात पाण्याचे टँकर मिळावेत, पुराच्या पंचनाम्यात कोणाचे घर सुटू नये, म्हणून ज्या माणसांसाठी तहसील कचेरीच्या पायऱ्या झिजवल्या, त्या माणसांनी माझ्या शब्दावर ती दिली होती. वर जे ठरले त्याची किंमत या गावात माझ्या शब्दाने चुकती झाली.

काही तरुण मुले म्हणतात, ‘वरीलपैकी कोणीही नाही’ हे बटण दाबू या. आमच्याच सांगली जिल्ह्यात पलूस-कडेगावला आणि तिकडे लातूर ग्रामीणला २०१९ मध्ये हा पर्याय मतांच्या क्रमवारीत दुसऱ्या स्थानावर होता. लातूर ग्रामीणमध्ये तर त्याला २७ हजारांहून अधिक मते पडली. तरीही निवडून यायचे ते उमेदवार आलेच, कारण त्या मतांनी निकाल बदलत नाही. मुलांचा राग मला पटतो, त्यांचा मार्ग पटत नाही. आमदार कोणीतरी होणारच आहे आणि पाण्याच्या पाळीसाठी पुन्हा त्याच्याच दारात उभे राहायचे आहे.

म्हणून मी उद्या मत देणार आहे, पण मत मागणार नाही. केंद्रावर उमेदवारातर्फे बसणाऱ्या मतदान प्रतिनिधीच्या नेमणुकीचा अर्ज, म्हणजे नमुना १०, माझ्यासाठी आला होता, तो सही न करता परत पाठवला. यंत्र तपासण्यासाठी पहाटे घेतले जाणारे अभिरूप मतदान, यंत्राला लागलेली मोहोर, संध्याकाळी केंद्राध्यक्षांकडून मिळणारी मतांच्या हिशेबाची प्रत, हे सारे मला मनापासून आवडत असे. उद्या ते काम दुसरा कोणी करील.

संध्याकाळी भावकीतल्या आक्कांची चिठ्ठी द्यायला गेलो. अनुक्रमांक आणि शाळेची खोली वाचून दाखवली. त्यांनी नेहमीप्रमाणे विचारले, “आपलं कुठलं औंदा?”

मी त्यांच्या शेजारी बसलो. आपल्या पक्षाचे दोन झाले आहेत, दोघांचेही उमेदवार उभे आहेत, जुने चिन्ह कोणाकडे आहे आणि नवे कोणाकडे, कोण कोणाबरोबर गेला, हे जेवढे निःपक्षपातीपणे सांगता येईल तेवढे सांगितले. त्यांनी मध्ये एकदाही तोंड उघडले नाही. शेवटी चंचीची दोरी सोडून चिठ्ठी आत ठेवत म्हणाल्या, “म्हंजी तुलाबी ठावं न्हाई.”

मी नाही म्हणालो.

सकाळी साडेसातला गाडीवरून शाळेत नेतो, असे त्यांना सांगून आलो आहे. गुडघ्यांमुळे त्यांना तेवढे चालवत नाही.