चेहरे कुठे आहेत?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. माझे चीनच्या शिनजियांगमधल्या काशगर शहराचे फोटो पाहणारा जवळजवळ प्रत्येक जण हेच विचारतो: यात हात आहेत, पाठी आहेत, दारं आहेत, मग माणसांचे चेहरे का नाहीत?

चेहरे आहेत. मीच दाखवत नाही.

२००७च्या उन्हाळ्यात मी तिथे गेलो होतो. अकरा दिवस जुन्या शहरात नुसता भटकलो. पायाखाली षटकोनी विटा असतील तर गल्ली पुढे निघते, लांबट असतील तर कुणाच्या तरी दारात संपते. एका म्हाताऱ्या सुताराने हे मला खुणांनी शिकवलं. भाषा येत नव्हती, पण बाजार, किताब, हवा असे ओळखीचे शब्द कानावर पडायचे. नदीला तिथले उइगूर लोक, म्हणजे तुर्की भाषा बोलणारे मुसलमान, दर्या म्हणतात. मी दापोलीचा. वाळवंटातल्या नदीला दर्या म्हणताना ऐकून पोटात काहीतरी हललं.

सगळ्यात जास्त वेळ गेला तो एका नानवाल्याकडे. त्याने सहाला बोलावलं आणि मी दोन तास आधीच पोचलो, कारण माझं घड्याळ बीजिंगच्या सरकारी वेळेवर होतं, त्याचं काशगरच्या. तो नान मधे पातळ आणि कडेला जाड थापायचा. पिसांच्या काड्या बांधून केलेल्या ठशाने मधोमध टोचे मारायचा, म्हणजे तो भाग फुगत नाही आणि नक्षीही उमटते. वर कांदा, तीळ. मग कमरेतून वाकून तो भट्टीच्या आतल्या भिंतीला चिकटवायचा. भट्टीला ते तोनुर म्हणतात. हाताचे केस कोपरापर्यंत जळालेले होते. तो फोटो तुम्ही पाहिला आहे.

पुढचा फोटो तुम्ही पाहिलेला नाही. त्यात तो दोप्पा, म्हणजे उइगुरांची टोपी, मागे सारून हसतो आहे. काढू का, असं मी खुणेने विचारलं तेव्हा त्यानेही खुणेनेच सांगितलं, घरी जाऊन आईला दाखव. परवानगी होती ती एवढीच.

२००९मध्ये भूकंपाचा धोका सांगून सरकारने ते जुनं शहर पाडायला घेतलं. २०१७पासून लाखो उइगुरांना छावण्यांत डांबलं गेलं. फुटलेल्या सरकारी याद्यांमध्ये कारणं आहेत दाढीची, पासपोर्टसाठी केलेल्या अर्जाची. मजारींवर, म्हणजे संतांच्या कबरींवर, वर्षानुवर्षं फिरून तिथल्या कथा आणि फोटो जमवणाऱ्या प्राध्यापक राहिले दावुत त्याच वर्षी डिसेंबरमध्ये बेपत्ता झाल्या. त्यांना जन्मठेप झाल्याचं २०२३मध्ये कळलं. आपल्याच लोकांच्या चालीरीती नोंदवणाऱ्या विदुषीची ही गत, तर परक्या माणसाबरोबर हसणाऱ्या नानवाल्याचं काय होईल, हे मला ठरवता येत नाही. म्हणून गल्ल्या दाखवतो, भट्टी दाखवतो, चेहरा नाही.

याचा त्रास होतो. २०२२मध्ये पोलिसांच्या संगणकांतून फुटलेले अडीच हजारांहून जास्त उइगुरांचे फोटो जगाने पाहिले. त्यातले बरेचसे काशगरला लागूनच असलेल्या तालुक्यातले. मी ते एकेक करून पाहिले, अर्थातच एका माणसाला शोधत. तो त्यात दिसला नाही. पण त्या लोकांचे जगापुढे आलेले चेहरे हे असे, पोलिसांनी भिंतीपुढे उभं करून टिपलेले, आणि हसणारा चेहरा माझ्या कपाटात.

आईला मात्र मी तो दाखवला होता, परतल्या दिवशीच. तिने बराच वेळ पाहिला आणि विचारलं, याच्या घरी कोण कोण असतं?

ते मी विचारलंच नव्हतं.